सकाळचा नाश्ता: घरी गरम, प्रवासात कोरडा

घरचा नाश्ता बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे. पोह्यांचा लगदा होतो, उपम्यात गुठळ्या राहतात, थालीपीठ थापताना फुटतं. प्रवासातला डबा आंबतो त्यामागेही पाणीच असतं: झाकणाखाली साचलेली वाफ, ओल्या खोबऱ्याची चटणी, कच्चा कांदा. पाणी कुठे, किती आणि कधी लागतं हे एकदा हाताला कळलं की पोह्यांपासून दशमीपर्यंत सगळं जमतं. म्हणून आधी घरचे पदार्थ पाहू, मग तेच जिन्नस वाटेवर कसे न्यायचे ते. इथे वाटी म्हणजे साधारण 150 मिलीची आमटीची वाटी, लहान चमचा 5 मिलीचा आणि मोठा चमचा 15 मिलीचा.

कांदेपोहे: भिजवण्यातच सगळं आहे

चौघांसाठी जाडे पोहे 4 वाट्या, म्हणजे पाव किलोच्या आसपास. मोठे कांदे 2, हिरव्या मिरच्या 4, कढीपत्त्याची 10-12 पानं, मूठभर शेंगदाणे, तेल 4 मोठे चमचे, मोहरी अर्धा लहान चमचा, हिंग पाव चमचा, हळद अर्धा चमचा, मीठ दीड लहान चमचा, साखर एक चमचा. वरून अर्ध्या लिंबाचा रस, कोथिंबीर आणि ओलं खोबरं. तेल वाचवायला जाऊ नका. तेल कमी पडलं की पोहे घशाखाली उतरत नाहीत, घास बसतो.

पोहे आधी चाळून घ्या. तळाला राहिलेला चुरा आणि भुसा पाण्यात गेला की त्याची पेज होते आणि चांगले पोहेही एकमेकांना चिकटतात. चाळलेले पोहे मोठ्या भोकांच्या रोळीत घेऊन नळाखाली धरा, हाताने हलकेच वरखाली करा आणि सगळे ओले झाले की लगेच बाजूला घ्या. पातेल्यात पाणी भरून त्यात पोहे बुडवून ठेवणं ही सर्वांत मोठी चूक. पोहे आधीच शिजवून कुटलेले असतात, त्यांना फक्त मऊ व्हायचं असतं. रोळी तिरकी करून 10 मिनिटं निथळू द्या. या वेळात पृष्ठभागावरचं पाणी आतपर्यंत मुरतं. मग एक पोहा दोन बोटांत दाबून पाहा. सहज मोडला आणि बोटाला चिकटला नाही, तर बरोबर. मधे कणी लागली तर हाताने पाण्याचा शिपका मारून आणखी 5 मिनिटं थांबा. बोटाला चिकटला तर पोहे परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, 10 मिनिटांत बरेच सुधारतात.

पातळ पोहे या कामाचे नाहीत. ते चिवड्याला किंवा दडप्या पोह्यांना ठेवा. दडप्यांना तर पाणीसुद्धा वेगळं लागत नाही. खोवलेला ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, मीठ, लिंबू आणि दोन-तीन चमचे नारळाचं पाणी घालून पातळ पोहे झाकून दडपून ठेवले की त्या ओलाव्यातच ते मऊ होतात. वरून मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी आणि तळलेला पोह्याचा पापड.

मीठ आणि साखर निथळलेल्या पोह्यांनाच हलक्या हाताने लावून ठेवा. कढईत टाकलं तर एका घासाला खारट, दुसऱ्याला अळणी असं होतं. आता तेल तापवा, शेंगदाणे लालसर तळून बाजूला काढा, नाहीतर वाफेत ते मऊ पडतात. त्याच तेलात मोहरी पूर्ण तडतडू द्या. अर्धवट तडतडलेली मोहरी कडू लागते. हिंग, मिरच्या, कढीपत्ता, मग कांदा. कांदा पारदर्शक आणि मऊ झाला की पुरे. लाल करायचा नाही. त्याचा ओलावा पोह्यांना हवा असतो. हळद कांद्यावर घाला, रिकाम्या तेलात ती करपते. पोहे घालून उलथन्याने खालून वर परता, वरून दाबू नका. मग गॅस बारीक करून झाकण ठेवा आणि 3-4 मिनिटं वाफ येऊ द्या. झाकण उघडल्यावर वाफ दणकून वर आली पाहिजे. पोहे कोरडे वाटले तर झाकणावर पाणी ठेवून आणखी दोन मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं, कारण आचेवर रस कडवट होतो.

पोहे ताटलीत पडल्यापासून पंधरा मिनिटांत खावेत. गार पोहे कडक होतात आणि पुन्हा गरम करूनही मूळ चव येत नाही. नागपुरात हेच पोहे चण्याच्या झणझणीत तर्रीसोबत खातात. तिथे पोहे मुद्दाम थोडे कोरडे ठेवतात, कारण ओलावा तर्री देते. घरी तर्री करणार असाल तर निथळण्याची वेळ पाच मिनिटांनी वाढवा.

उपमा आणि थालीपीठ

उपम्याची गुठळी होते ती कच्च्या रव्यामुळे. रव्याचा कण भाजला की त्याला बाहेरून कोरडेपणा येतो आणि तो शेजारच्या कणाला धरत नाही. वाटीभर जाडा रवा बारीक आचेवर 8-10 मिनिटं भाजा. रंग बदलायची वाट पाहू नका. वास सुटला आणि उलथन्याखाली रवा हलका, सुळसुळीत लागला की झालं. मोकळ्या उपम्याला अडीच वाट्या पाणी, मऊसर आवडत असेल तर तीन. पाणी खळखळ उकळतंच हवं. कोमट पाण्यात रवा बाहेरून चिकट होतो आणि आत कोरडा राहतो, तीच गुठळी. एका हाताने रवा धार धरून सोडा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा, मग झाकून 4 मिनिटं वाफ. शेवटी एक चमचा तूप.

थालीपिठाचं यश भाजणीत असतं. एक चांगलं प्रमाण असं: ज्वारी 2 वाट्या, बाजरी 1, तांदूळ 1, हरभऱ्याची डाळ 1, उडदाची डाळ अर्धी, गहू अर्धी, धणे पाव वाटी, जिरे 2 मोठे चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजा. एकत्र भाजलं तर उडीद डाळ करपेपर्यंत हरभरा डाळ कच्चीच राहते. भाजलेलं धान्य पूर्ण गार होऊ द्या आणि मगच गिरणीत द्या. गरम दळलं तर पिठात वाफ धरते, महिन्याभरात वास येतो. घट्ट झाकणाच्या डब्यात भाजणी दोन-तीन महिने चांगली टिकते.

दोन वाट्या भाजणीला एक बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, ओवा, कोथिंबीर. भिजवायला गरम पाणी घ्या. या पिठात गव्हासारखा चिवटपणा नाही, गरम पाण्यानेच त्याला चिकटपणा येतो. गोळा भिजवून ठेवायचा नाही. मिठामुळे कांदा पाणी सोडतो, दहा मिनिटांत पीठ सैल होतं आणि मग थालीपीठ फुटतं. ओल्या फडक्यावर थापा, मधे एक आणि कडेने चार भोकं पाडा, तव्यावर टाकल्यावर प्रत्येक भोकात थेंब-दोन थेंब तेल सोडा. झाकण ठेवून मध्यम आचेवर एक बाजू 3-4 मिनिटं, मग उलटून झाकण न ठेवता दुसरी. भोकं शोभेची नाहीत. जाड थालीपिठाच्या मध्यापर्यंत तेल आणि वाफ त्यांच्यातूनच पोचते.

सकाळी आठला घर सोडणाऱ्यांनी रात्रीच शेंगदाणे तळून, रवा भाजून ठेवावा. कांदा मात्र सकाळीच चिरा.

डबा: टिकेल तेच न्या

आता प्रवासाकडे वळू. इथे बहुतेक जण घरचेच गरम पोहे डब्यात भरतात आणि तिथेच चुकतात. शिजवलेलं ओलसर अन्न 5 ते 60 अंश तापमानात राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांपलीकडे ते खाऊ नये, आणि उन्हाळ्यात पारा बत्तीस अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावं. पोहे शेवटी तांदूळच, आणि गरम भरलेला डबा आतल्या आत घाम सोडतो. सकाळी सहाला भरलेले पोहे अकराला खाऊ नका. साबुदाण्याची खिचडीही नको, ती तासाभरात रबरासारखी होते. इडली एकवेळ चालते, पण सोबतची ओल्या नारळाची चटणी आधी खराब होते. उकडलेली अंडी सालासकट न्या आणि तीही पहिल्या दोन तासांत खाऊन टाका.

जुन्या लोकांनी यावर दशमी शोधली होती. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली म्हणून ती सोवळ्यातही चालायची आणि प्रवासालाही. दुधातही बहुतांश पाणीच असतं, पण त्यातली साय आणि साखर पोळीला दुसऱ्या दिवशीही मऊ ठेवते. कणीक 2 वाट्या, तूप 2 मोठे चमचे, मीठ पाव चमचा. आधी तूप कणकेला चोळून घ्या, मूठ दाबली तर वळली पाहिजे. मग उकळून कोमट केलेलं दूध थोडं थोडं घाला. पाऊण वाटी पुरतं, कणकेच्या जातीप्रमाणे चमचा-दोन चमचे कमीजास्त. नेहमीच्या पोळीपेक्षा घट्ट भिजवा, 20 मिनिटं झाकून ठेवा. सात-आठ दशम्या होतात. पोळीपेक्षा जाडसर लाटा आणि मध्यम आचेवर सावकाश भाजा. मोठ्या आचेवर डाग पडतात आणि मधला भाग ओला राहतो. बुरशी तिथूनच सुरू होते. गोड हवी असेल तर पाऊण वाटी कोमट दुधात अर्धी वाटी चिरलेला गूळ विरघळवून गाळून घ्या आणि त्यातलं लागेल तेवढंच वापरा, कारण गुळामुळे कणीक सैल होते. उकळत्या दुधात गूळ टाकू नका, दूध फाटतं.

भाजलेल्या दशम्या जाळीवर किंवा सुती फडक्यावर एकेक वेगळ्या पसरून पूर्ण गार करा. हाताची मागची बाजू टेकवून पाहा, ऊब लागता कामा नये. मग कोरड्या सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. गरम असताना फॉइलमध्ये गुंडाळल्या तर सगळी मेहनत पाण्यात. थंडीत त्या दोन दिवस राहतात, मे महिन्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, पावसाळ्यात तर त्याच दिवशी.

तिखट आवडणाऱ्यांसाठी सोलापूर-मराठवाड्याकडचे धपाटे: ज्वारीचं पीठ 2 वाट्या, कणीक 1, बेसन अर्धी, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण 2 मोठे चमचे, तीळ, हळद, मीठ. भिजवायला ताजं, आंबट नसलेलं दही. प्रवासासाठी कांदा आणि कोथिंबीर दोन्ही वगळा. त्यांच्याविनाही चवीला कमी पडत नाहीत, आणि एक पूर्ण दिवस जास्त खात्रीने टिकतात. हाच नियम थालीपिठाला.

सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी: भाजून सोललेले शेंगदाणे 1 वाटी, लसणाच्या 8-10 पाकळ्या, लाल तिखट 2 लहान चमचे, जिरे 1, मीठ चवीपुरतं. लसूण थेंबभर तेलात परतून कोरडा करून घ्या, कच्च्या लसणाचा ओलावा चटणीला दोन-तीन दिवसांत वास आणतो. खलबत्त्यात कुटली तर दाण्याचं तेल सुटून चटणी ओलसर, एकजीव होते. मिक्सर असेल तर थांबून थांबून फिरवा, सलग फिरवला की तेल जास्त सुटून चिकट गोळा होतो. मेतकूट आणि छोट्या बाटलीत तूप हवंच: गार दशमीवर तूप लावून मेतकूट भुरभुरलं की लहान मुलंही तक्रार न करता खातात.

उकळत्या पाण्यावरचा नाश्ता

लॉजवर किंवा परगावी नातेवाइकांकडे पहाटे उठून कुणाला त्रास न देता गरम खायचं असेल तर घरी केलेलं कोरडं मिश्रण उत्तम. विकतच्या पाकिटांपेक्षा त्यात तेल-मीठ आपल्या हातात राहतं.

उपम्याचं असं: बारीक रवा 2 वाट्या, तेल 3 मोठे चमचे, मोहरी, उडीद डाळ 1 लहान चमचा, हिंग, 3 सुक्या मिरच्या, कढीपत्ता, काजू किंवा शेंगदाणे, मीठ सव्वा लहान चमचा, पिठीसाखर अर्धा चमचा, चिमूटभर लिंबूसत्त्व. कढीपत्ता धुऊन पूर्ण वाळवलेला हवा आणि तेलात तो कुरकुरीत होईपर्यंत तळा. एक ओलं पान सगळ्या मिश्रणाला बुरशी आणू शकतं. हिरवी मिरची आणि ताजा कांदा नको, तळून निथळलेला कोरडा कांदा चालतो. मग रवा घालून चांगला 12 मिनिटं भाजा, कारण पुढे तो नुसता पाण्यात फुगणार आहे, शिजणार नाही. जाडा रवा म्हणूनच इथे नको. मीठ-साखर गॅस बंद केल्यावर. गार करून एकेका वेळेच्या पुड्या बांधा. अर्धी वाटी मिश्रणावर वाटीभर उकळतं पाणी, ढवळून घट्ट झाकण, 8 मिनिटं.

पोह्यांचं करायचं तर मध्यम जाडीचे पोहे फोडणीत कुरकुरीत होईपर्यंत परतायचे. वाटीभर मिश्रणाला अर्धीच वाटी पाणी, 5 मिनिटं झाकून. पाणी एकदम न ओतता चमच्याने सगळीकडे फिरवा, नाहीतर तळाशी चिखल आणि वर कोरडे पोहे.

लॉजवरच्या किटलीत फक्त पाणी उकळा. रवा किंवा दूध थेट किटलीत टाकलं की ते तळाला लागतं, उतू जातं आणि पुढच्या माणसाच्या चहाला तोच वास येतो. रेल्वेच्या डब्यात मोबाइलच्या सॉकेटला किटली लावायला मनाई आहे आणि त्यात आगीचा धोकाही आहे. गाडीसाठी घरूनच थर्मास भरून न्या. रिकामा थर्मास आधी उकळत्या पाण्याने भरून 5 मिनिटं ठेवा, ते ओतून टाका आणि मग पुन्हा खळखळतं पाणी काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला थर्मास लवकर गार होतो. चांगल्या थर्मासमधलं पाणी चार तासांनीही उपम्याला पुरेसं गरम असतं. दूध घातलेला चहा त्यात तासन्‌तास ठेवू नका. चहापावडर आणि दुधाची पावडर वेगळी न्या.

वाटेवर विकत खाताना

सगळंच घरून न्यायला हवं असंही नाही. वाटेवरचे काही नाश्ते चुकवू नयेत. पुण्याहून सकाळी 7.15 ला सुटणारी डेक्कन क्वीन 1 जून 1930 ला सुरू झाली. तिला बसून खाण्याचा स्वतंत्र डबा आहे आणि तिथलं ऑम्लेट नि चीज टोस्ट खायला लोक मुद्दाम या गाडीने जातात. डब्यात जागा मोजक्या, तेव्हा गाडी सुटल्यावर लगेच उठा. मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला वडा. बोरघाटाचा 1:37 चा चढ चढण्यासाठी बऱ्याच गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं जोडतात, तेवढा थांबा मिळतो. सुटे पैसे हातात ठेवा आणि खिडकीपेक्षा दारातून घ्या.

एसटीच्या थांब्यावर जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. तिथे मेनू वाचत बसू नका, कढईतून आत्ता काय निघतंय ते पाहा. समोर तळलेला वडा किंवा भजी सर्वांत सुरक्षित, परातीत ढीग करून ठेवलेले पोहे त्याखालोखाल. पोह्यांच्या ढिगातून वाफ येत नसेल तर सोडून द्या. मिसळीत रस्सा आणि उसळ उकळत असेल तर काळजी नाही. धोका असतो तो चिरून ठेवलेल्या कांद्याचा, पातळ हिरव्या चटणीचा आणि जगमधल्या पाण्याचा. कांदा समोर चिरून मागा, चटणी टाळा, पाणी आपलं प्या.

पुढे आंबोली किंवा वरंध्यासारखा घाट असेल तर तर्री कमी घ्या. पण उपाशीपोटीही घाट चढू नका, रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते. अर्धी कोरडी दशमी किंवा दोन टोस्ट, घाट लागायच्या तासभर आधी, आणि तोंडात आल्याची किंवा आवळ्याची वडी. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी तर बसच्या वेळापत्रकावर भरवसा न ठेवता खाणं जवळच्या पिशवीत ठेवावं, वरच्या सामानात नाही.

विमानाने परदेशी जाताना कोरडी चटणी, मेतकूट, उपम्याच्या पुड्या हे सगळं सोयीचं. ओली चटणी, लोणचं, पातळ तूप मात्र हातातल्या सामानात 100 मिलीच्या मर्यादेत येतं, ते मोठ्या बॅगेत गळणार नाही असं बांधा. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला उतरताना सोबतचं प्रत्येक खाणं अर्जावर लिहावंच लागतं. न लिहिल्यास दंड होतो, लिहिलं तर फार तर एखादी पुडी काढून घेतात. प्रत्येक पुडीवर आतले जिन्नस आणि केल्याची तारीख इंग्रजीत लिहून ठेवा, म्हणजे तपासणीत प्रत्येक पुडी फोडून दाखवावी लागण्याची शक्यता कमी होते.